वाघाची शी आणि आपण

ताडोब्यात पूर्वी एका अभ्यास प्रकल्पावर मी कामाला होतो, त्याला आता बरीच वर्षं झाली, आणि परवा पहिल्यांदाच रीतसर तिकीट काढून आत गेलो. एकटा असल्यामुळे एका फॅमिलीच्या जिप्सीत उरलेल्या सीटवर बसलो. मोबाईल गेटवर जमा, खाली उतरायचं नाही. ज्या जंगलात पहाटे पायी फिरून चितळ-सांबर मोजत होतो तिथे आता जरा बूड उचललं की गाइड म्हणणार, "सर, बसून घ्या." नियम बरोबरच आहे हो, पण लागतं.

फॅमिलीप्रमुख काका डोक्यापासून बुटापर्यंत मिलिटरी प्रिंटमध्ये होते. पेट्रोलचा वास मारणाऱ्या जिप्सीत आठ माणसं, त्यातला एक पानांच्या रंगात बसलाय म्हणून वाघ फसणार आहे का? रस्त्याकडेचे ते जुने दगडी खांब दिसले तर काकांनी मुलांना सांगितलं, ब्रिटिशांचे मैलाचे दगड. गोंड राजांच्या काळातले म्हणतात त्यांना, दोरी बांधून घंटेने निरोप पोचवायला होते असं सांगतात. मी तसं म्हणालो, आणि इथेच सगळं सुरू झालं.

"तुम्हाला कसं माहीत?"

"इथे कामाला होतो मी."

"अच्छा. कॅन्टीनला?"

"नाही हो, वाघांवरच्या अभ्यासात. वाघ काय खातो ते शोधायचो."

"म्हणजे शिकार करताना बघायचात?"

"नाही, विष्ठा गोळा करायचो."

काकांनी दुर्बीण खाली ठेवली. मागून काकूंनी विचारलं काय म्हणतायत, तर काकांनी जंगलाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "शी गं. वाघाची शी गोळा करायचे हे." काकूंनी आमच्या दोघांच्या मधली ठेपल्यांची पिशवी उचलून मांडीवर घेतली. माझ्याकडे न बघता.

मग मी समजावायला गेलो. गप्प बसता येत नाही ना. वाघ खाताना केसही गिळतो, केस पचत नाहीत, ते विष्ठेतून तसेच बाहेर पडतात, मग ती वाळवायची, धुवायची, चाळायची आणि निवडलेले केस सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे, की कळतं चितळ होतं, सांबर होतं की रानडुक्कर. किती सुंदर गोष्ट आहे ही! वाघ न दिसता त्याचं सगळं जेवण कळतं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि ह्याचा पगार द्यायचे?"

"हो."

"आपल्या टॅक्समधून," ते काकूंना म्हणाले.

आता त्या पगारात मी महिन्याच्या शेवटी काय खायचो ह्याचाही अभ्यास झाला असता, पण तो विषय वेगळा.

पुढे एका वळणावर रानकुत्री दिसली, अख्खा कळप, पाणी पिऊन रस्ता ओलांडत होती. जगभरात धोक्यात आलेला प्राणी आहे हा, अशी निवांत दिसायला नशीब लागतं. गाइडने गाडी थांबवायला लावली. काका म्हणाले, "कुत्री आहेत, चला." आणि ड्रायव्हर खरंच निघाला, कारण पुढे कुठेतरी वाघाची चाहूल लागून सांबर ओरडल्याची खबर होती आणि सगळ्या जिप्स्या तिकडे धावत होत्या. इथे मला खरंच राग आला. १९५५ साली हे राष्ट्रीय उद्यान झालं, राज्यातलं सगळ्यात जुनं, त्यात साग आहे, बांबू आहे, तलावात मगरी आहेत, अस्वलं आहेत, आणि लोकांचा हिशोब एकच, वाघ दिसला का? नाही? मग पैसे वाया. जंगल म्हणजे नुसती वाघाच्या मागची भिंत झालीये.

वाघ दिसला नाहीच. पण रस्त्याच्या मधोमध दिसली ती. ताजी, केसाळ, एक नंबर सॅम्पल. वाघ हद्द सांगायला मुद्दाम रस्त्यावर करतो. मी काही बोलायच्या आत काकांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारली.

"थांबवा, थांबवा. ह्यांचं आलं."

सगळी जिप्सी हसली. गाइडसुद्धा हसला, आणि त्याला मी टिप देणार होतो. सगळ्यात वाईट म्हणजे मला खरंच वाकून बघायचं होतं, उतरायची बंदी नसती तर उतरलोही असतो, आणि ते काकांना माझ्या तोंडावरून कळलं. उरलेला वेळ ती पोरं मला "शीवाले अंकल" म्हणत होती आणि त्यांना कोणी गप्प केलं नाही.

गेटवर मोबाईल परत मिळाल्यावर काकांनी पहिलं काम काय केलं तर माझा नंबर घेतला. सोसायटीच्या टेरेसवर रोज रात्री कोण घाण करतं ते कळत नाही म्हणे, तुम्ही एक्स्पर्ट आहात. काल सकाळी चहाच्या वेळेला फोटो आला, क्लोजअप, बाजूला स्केलसाठी चप्पल. मी चरफडत का होईना, नीट झूम करून बघितलं आणि लिहिलं, उदमांजर असावं, फळांच्या बिया दिसतायत त्यात.

उत्तर आलं, "परत एकदा बघून सांगा. आमचा वॉचमन मांजर म्हणतोय."