पोटदुखीला भ्रम म्हणण्याआधी

मानसोपचार विभागातल्या कर्मचाऱ्यांना शारीरिक आजार ओळखायला शिकवणं म्हणजे वेळ वाया घालवणं, असा एक मजकूर सध्या बराच फिरतो आहे. नर्स, समुपदेशक, अटेंडंट यांनी मन सांभाळावं, शरीरासाठी फिजिशियन आहेतच, असा त्याचा रोख. वाचताना तो पटतोही. पण त्यातला एकेक मुद्दा वॉर्डात नेऊन पाहिला की टिकत नाही.

पहिला मुद्दा, ‘हे त्यांचं कामच नाही’. तीव्र मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा सुमारे १० ते २० वर्षं आधी मरण पावतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आत्महत्या हे त्यातलं एक कारण आहेच, पण बहुतेक मृत्यू हृदयविकार, श्वसनाचे आजार, संसर्ग अशा शारीरिक कारणांनी होतात. शिवाय आपणच देत असलेली औषधं शरीरावर परिणाम करतात. ओलान्झापिन आणि क्लोझापिन ही भास-भ्रमांवरची औषधं घ्या: ओलान्झापिनने वजन आणि साखर वाढते, क्लोझापिनने पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या कमी होऊ शकतात. गोळी ज्याच्या हातून दिली जाते, त्यालाच तिचे परिणाम ठाऊक नसावेत, हे कुठल्याही दुसऱ्या विभागात खपवून घेतलं गेलं नसतं.

‘काही दुखलं-खुपलं तर रुग्ण सांगेलच’ हा दुसरा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात घातक. अनेकदा रुग्ण सांगतो, आपण ऐकत नाही. क्लोझापिन घेणारा कुणी म्हणाला की ‘माझ्या पोटात साप वळवळतोय’, तर केसपेपरवर ‘भ्रम’ असं लिहून मोकळं होणं फार सोपं असतं. पण या औषधाने आतड्यांची हालचाल मंदावते, बद्धकोष्ठता इतकी वाढू शकते की आतडं बंद पडून माणूस दगावतो. शेवटची शौच कधी झाली, पोट फुगलंय का, उलटी झाली का, एवढं विचारायला डॉक्टरची पदवी लागत नाही. ‘येरझाऱ्या घालतोय, ऐकत नाही’ अशी तक्रार असलेल्या रुग्णाला औषधामुळेच एका जागी बसवत नसेल, तर त्याच औषधाचा डोस वाढवून त्याची तगमग आणखी वाढते. काही जण तर बोलतच नाहीत. कॅटाटोनियातला, म्हणजे न हलता-बोलता थिजून राहिलेला रुग्ण काय सांगणार? आणि डिलिरियममध्ये, म्हणजे शारीरिक आजाराने अचानक आलेल्या गोंधळात, गुंगीत पडून राहणारे वृद्ध आजी-आजोबा नैराश्याचे समजले जातात, तेव्हा लघवीतला किंवा छातीतला संसर्ग आत वाढत असतो. कालपर्यंत नीट बोलणारं माणूस आज अचानक गोंधळलंय, दिवसातून कधी बरं कधी वाईट, डोळ्यांसमोर नसलेल्या गोष्टी दिसताहेत, असं असलं तर आधी शरीर तपासायचं.

तिसरा मुद्दा, ‘दाखल होताना तपासण्या होतात’. होतात, त्या दिवसापुरत्या. मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या लिथियम या औषधाची रक्तातली पातळी साधारण लिटरमागे ०.६ ते १.० मिलिमोलमध्ये ठेवायची असते. दोन दिवस जुलाब झाले किंवा अंगदुखीसाठी कुणी आयबुप्रोफेन दिलं, तरी ती धोक्याच्या दिशेने चढू शकते. हात जोरात थरथरणं, तोल जाणं, जीभ जड होणं हे आधी दिसतं ते वॉर्डातल्या माणसाला. कधी तर दाखल करतानाचं निदानच चुकलेलं असतं. ब्रिटिश डॉक्टर रिचर्ड ॲशर यांनी १९४९ मध्ये १४ रुग्णांची नोंद केली. त्यांच्या मानसिक बिघाडामागे थायरॉईडची कमतरता होती. २००७ मध्ये जोसेप डाल्माउ आणि सहकाऱ्यांनी वर्णन केलेल्या, शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटणाऱ्या एन्सेफलायटिसचे (मेंदूच्या दाहाचे) बरेच रुग्ण आधी मानसोपचारतज्ज्ञांकडेच येतात.

उरला ‘अर्धवट ज्ञान’ हा आक्षेप. एका तासाच्या स्लाइड-शोने काही साधत नाही, एवढं त्यातलं मान्य. पण निदान करा असं कर्मचाऱ्यांना कुणीच म्हणत नाही. श्वास पूर्ण मिनिटभर मोजणं, तापमान, नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, शुद्धीची पातळी यांची नोंद ठेवणं आणि आकडे बिघडले की लगेच हाक देणं, एवढंच शिकवायचं आहे. ब्रिटनमध्ये २०१२ पासून वापरली जाणारी ‘न्यूज’ (नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर) ही प्रकृती बिघडत असल्याचं आधीच सुचवणारी गुणपद्धत याच सहा नोंदींवर उभी आहे. हे हातात बसतं ते सरावाने: वॉर्डासारख्याच खोलीत खोटा रुग्ण ठेवून, पुन्हा पुन्हा.

त्या सरावात फोन करणंही असावं. ‘पेशंट ठीक वाटत नाही’ एवढंच कळलं तर पलीकडचा डॉक्टर ‘सकाळी बघू’ म्हणण्याची शक्यता जास्त. ‘ताप ३९.५ सेल्सिअस, अंग लाकडासारखं ताठ, नाडी १३०, गोंधळलेला आहे, तीन दिवसांपूर्वी हॅलोपेरिडॉल वाढवलंय’ असं सांगितलं, तर न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोमची, म्हणजे हॅलोपेरिडॉलसारख्या भास-भ्रमांवरच्या औषधांच्या जीवघेण्या दुष्परिणामाची शंका त्यालाही यायला हवी. त्याला ती येत नसेल, मानसोपचाराचा रुग्ण म्हटल्यावर तोही ऐकेनासा होत असेल, तर हेच प्रशिक्षण त्यालाही द्यावं लागेल.