परांची काढायची नाही बरं का!

आपल्या मुलाला कधीच काही स्वतःचं स्वतः करता येऊ नये अशी मनापासून इच्छा असेल तर काळजी सोडा, तुम्ही बरोबर चाललायत, फक्त मधेच माया पातळ होऊ देऊ नका.

वही घरी विसरली? धावत जाऊन देऊन या. एकदा बोलणी खाल्ली तर पुढच्या वेळी दप्तर रात्रीच भरून ठेवेल, आणि मग तुम्हाला घरात काम काय उरलं? उद्या पेपर कुठल्या विषयाचा हे पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री अकरा वाजता विचारायचं. मुलाला विचारून उपयोग नाही, त्याला माहीत नसतं, कारण तुम्हाला माहीत असणार हे त्याला पक्कं माहीत असतं. आणि बोलताना कायम 'आमचा' म्हणायचं. आमचा प्रोजेक्ट झाला, आमचा गणिताचा पेपर अवघड गेला. (मार्क कमी पडले की मात्र 'ह्याचे' कमी पडले.)

आता काही अभ्यासू मंडळी मधे मधे बोलतील त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. 1976 साली वूड, ब्रूनर आणि रॉस या तीन मानसशास्त्रज्ञांनी 3 ते 5 वर्षांच्या पोरांना 21 लाकडी ठोकळ्यांचा पिरॅमिड रचायला दिला, शिकवणारं माणूस शेजारीच, पण नियम असा की जमेल तेवढं पोरालाच करू द्यायचं, अडलं तरच हात लावायचा. या मदतीला त्यांनी नाव दिलं स्कॅफोल्डिंग, म्हणजे आपली बांधकामावरची परांची. आता परांची इमारत उभी राहिली की उतरवतात हे कुणीही सांगेल, पण तुम्ही ती उतरवायची नाही. उलट इतकी घट्ट बांधा की आत इमारत आहे का नाही हेच कुणाला दिसू नये.

शिक्षक असाल तर तुमच्यासाठी आणखी सोपं. तयार नोट्स द्या, 'इम्पॉर्टंट' प्रश्न द्या, त्यांची उत्तरं द्या, वर त्यात काय अधोरेखित करायचं तेही करून द्या. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मधे विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला, काहींनी उतारा परत वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परत वाचणारे पुढे होते, आठवड्यानी मात्र त्यांना 42 टक्के आठवलं आणि स्वतः आठवून लिहिणाऱ्यांना 56. यातून घ्यायचा धडा स्पष्ट आहे, परीक्षा पाच मिनिटांनी घ्या.

2022 च्या नोव्हेंबरपासून चॅटजीपीटीही मदतीला आलंय. पूर्वी निबंध ढापायला निदान कुणाचीतरी मनधरणी करावी लागायची, तेवढं तरी कौशल्य अंगी यायचं, आता तेही कष्ट वाचले.

एक मात्र विसरू नका. वाचताना अक्षरांशी झगडणारं पोर पेपरला जादा वेळ मागेल, किंवा घरात शिकलेलं कुणीच नाही असं पोर शिकवणी झाल्यावर थांबून शंका विचारेल, तिथे लगेच 'अशाने लाडावतात, स्वावलंबी व्हायला शिका' असं सुनवायचं. स्वावलंबनाचं भाषण कायम त्यालाच द्यायचं ज्याला खरंच आधाराची गरज आहे. आपल्या घरच्याला नाही हं.

पुढे कॉलेजच्या फॉर्मवर मोबाईल नंबर तुमचाच टाका म्हणजे ओटीपी तुम्हालाच येईल, पासवर्डही तुमच्याच डायरीत. लेकरू विशीचं होईल, एखाद दिवशी चिडून म्हणेल, राहू दे, मी करतो ना. घाबरू नका. म्हणायचं, कर हं बाळा, तूच कर.

आणि तो आंघोळीला गेला की हळूच सबमिट दाबून टाकायचं.