नाताळचं झाड लगेच उन्हात नेऊ नका

नाताळ संपला की कुंडीतलं झाड सरळ अंगणात लावून टाका, असं एका लेखात वाचलं. कृपा करून एवढी घाई करू नका. आपल्याकडे वसई, मुंबई, पुण्याच्या नर्सऱ्यांत ख्रिसमस ट्री म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा अरॉकेरिया असतं. ते मूळचं पॅसिफिकमधल्या बेटांवरचं, बर्फातलं नव्हे. हॉलच्या कोपऱ्यात राहिलेलं झाड एकदम कडक उन्हात ठेवलं की फांद्यांची टोकं तपकिरी पडतात. आधी आठवडाभर सावलीत, मग सकाळच्या कोवळ्या उन्हात, असं हळूहळू बाहेर न्या.

सजावट काढताना दिव्यांच्या माळा ओढू नका, एकेक फांदी धरून सोडवा. शेंडा मोडला तर झाडाचा सरळ डौल गेलाच. आणि खालची फांदी एकदा वाळून गळली की त्या जागी नवी फुटत नाही, हे फार कमी लोकांना माहीत असतं.

कुंडी बदलताना मुळांभोवतीचा मातीचा गोळा फोडायचा नाही. माती बोटभर खोल कोरडी लागली तरच पाणी द्या, बशीत साचू देऊ नका.

जमिनीतच लावायचं असेल तर पावसाळ्याच्या सुरुवातीला, भिंत आणि विजेच्या तारांपासून लांब. मूळ बेटांवर हे झाड 50 मीटरच्या वर जातं! दोन बिल्डिंगांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत लावून पुढे त्याच्यावर करवत चालवण्यापेक्षा कुंडीतच वाढवा आणि दर डिसेंबरला तेच आत आणा.