बेसन, फल्लीदाणे आणि वाड्यातली लेकरं : एका प्रतिक्रियेला उत्तर

काकू, नमस्कार. (नातवाचा उल्लेख केलात म्हणून काकू म्हणतेय.) तुमची प्रतिक्रिया चांगलीच तिखट आहे आणि दोन ओळींत उत्तर देण्यासारखी नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. बाळाच्या अंगाला बेसन-साय चोळू नका आणि सहा महिन्यांनंतर फल्लीदाण्याचा (शेंगदाण्याचा) कूट उगाच लांबवू नका, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. काकू म्हणतात, हे विलायती खूळ आहे. नागपूरच्या महाल भागातल्या त्यांच्या वाड्यात चार पिढ्यांची लेकरं बेसनानंच न्हाली, कुणाला काही झालं नाही. ॲलर्जी वाढली ती सिझेरियन, डब्याचं दूध आणि आजच्या आयांचा स्वच्छतेचा सोस यामुळे. आणि सहा महिन्यांच्या नातवाच्या गालांवर लाल चट्टे आहेत, तर सुनेनं घाबरून काय काय बंद करायचं, असाही प्रश्न त्यांनी विचारलाय.

आपल्याकडे अन्नाची ॲलर्जी कमी आहे, हे अगदी खरं. युरोप्रीव्हॉल या अन्नाच्या ॲलर्जीवरच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात कर्नाटकातल्या प्रौढांची तपासणी झाली, तिचे आकडे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्धची आयजीई (ॲलर्जीत भाग घेणारी) प्रतिपिंडं सापडली, पण लक्षणांसकट ॲलर्जी म्हणता येईल अशी माणसं फक्त १.२ टक्के निघाली. म्हणजे आपलं शरीर अन्नाला ‘परका’ म्हणून ओळखतं, पण बहुतेक वेळा त्यावरून भांडण काढत नाही.

पण ही काही आपल्या रक्ताची पुण्याई नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात शाळेत दाखल होणाऱ्या मुलांची पाहणी झाली. आशियाई आईबापांची जी मुलं तिथेच जन्मली, त्यांच्यात शेंगदाणा-काजू-बदामांसारख्या दाण्यांची ॲलर्जी आशियात जन्मून नंतर तिकडे गेलेल्या मुलांपेक्षा जास्त निघाली. वंश तोच, बदललं ते आयुष्याचं अगदी सुरुवातीचं वातावरण. तेव्हा ‘आमच्या वाड्यात नव्हती’ हे मी मान्य करते, पण ‘म्हणून आम्ही जे जे केलं ते सगळं बरोबर’ हे त्यातून निघत नाही. वाड्यात बेसन होतं तसा मातीचा चौक होता, गोठा होता, दहा चुलत भावंडं होती. राखण नेमकी कुणी केली, ते बेसनाला विचारून कळणार नाही.

स्वच्छतेबद्दल तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ डेव्हिड स्ट्रॅचन यांनी १९८९ मध्ये मांडलेला मुद्दा परागज्वराचा (परागकणांमुळे येणाऱ्या शिंका-सर्दीचा) होता: मोठी भावंडं जास्त, तर हा त्रास कमी. पुढे मेलबर्नच्या हेल्थनट्स अभ्यासातही मोठं भावंड किंवा घरात कुत्रा असलेल्या बाळांत अंड्याची ॲलर्जी कमी दिसली. पण याचा फिनाइलनं फरशी पुसण्याशी काय संबंध? भावंडं नाहीत हा आईचा सोस नव्हे, आणि फ्लॅटमध्ये चौक नसतो हाही तिचा गुन्हा नाही.

सिझेरियनचं तर राहूच द्या. त्याच मेलबर्नच्या बाळांत, प्रत्यक्ष अन्न खाऊ घालून केलेल्या तपासणीत, सिझेरियन आणि नैसर्गिक प्रसूती यांत फरक आढळला नाही. डब्याच्या दुधाचं कोडं मात्र गुंतागुंतीचं आहे. जपानमधल्या एका चाचणीत जन्मानंतरचे पहिले तीन दिवस गाईच्या दुधाचं फॉर्म्युला टाळलं, तर पुढे ॲलर्जी कमी झाली. तिथल्याच दुसऱ्या चाचणीत दुसऱ्या महिन्यात रोज थोडं फॉर्म्युला दिलेल्या बाळांत दुधाची ॲलर्जी कमी दिसली. यावरून कुणी डबा उघडू नये. आईचं दूध ते आईचं दूध. एवढंच की ‘डबा म्हणजे ॲलर्जी’ हे समीकरण इतकं सरळ नाही.

आता बेसन. इथे मात्र मी एक पाऊलही मागे घेणार नाही.

गेली वीसेक वर्षं ज्या कल्पनेला सगळ्यात भक्कम पुरावा मिळत गेलाय ती अशी: अन्नाची पहिली ओळख तोंडावाटे झाली तर शरीर ते सोसायला शिकतं, भेगाळलेल्या कातडीवाटे झाली तर त्याच्याशी वैर धरतं. लंडनच्या गिडियन लॅक यांच्या गटाला २००३ मध्येच दिसलं होतं की शेंगदाणा तेल असलेली मलमं पुरळावर लावलेल्या मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी जास्त होती. काही बाळांच्या कातडीत फिलॅग्रिन नावाचं प्रथिन जन्मतःच कमी असतं. त्यांची त्वचा कोरडी पडते, एक्झिमा (खाजरे, कोरडे चट्टे) होतो आणि बाहेरचे कण आत शिरतात. आता आपल्या बाळाला काय चोळतात ते बघा. बेसन, साय, लव काढायला कणकेचा गोळा, वरून घाण्याचं फल्ली तेल, आणि त्यात रिफाइंडपेक्षा प्रथिनं जास्त उरतात. पंचेचाळीस अंशांचा नागपूरचा उन्हाळा कातडी आधीच सुकवून ठेवतो.

जपानचं उदाहरण फार बोलकं आहे. तिथे गव्हाचं विघटित प्रथिन घातलेला चेहऱ्याचा साबण खपत होता. २०११ च्या सुमारास उघड झालं की तो वापरणाऱ्या दोन हजारांच्या आसपास लोकांना गव्हाची ॲलर्जी झाली. ही सगळी जन्मभर गहू पचवलेली मोठी माणसं! आपली कणीक म्हणजे ते प्रथिन नव्हे, हे मान्य. बेसन-साय चोळलेल्या मराठी बाळांवरचा असा अभ्यास माझ्याही पाहण्यात नाही. पण धडधाकट बाळाच्या नितळ अंगावर बेसन लावणं वेगळं आणि चट्टे आलेल्या गालावर ते घासणं वेगळं.

फल्लीदाण्याचं म्हणाल, तर तो सल्ला विलायतेनंच आधी उलटा दिला होता. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २००० मध्ये सांगितलं की जोखमीच्या बाळांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका, आणि २००८ मध्ये ते मागे घेतलं. २०१५ मध्ये लॅक यांच्याच लीप चाचणीचा निकाल आला. तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या ६४० बाळांपैकी निम्म्यांना शेंगदाणा नियमित दिला, निम्म्यांना टाळायला लावला. पाच वर्षांचे होईतो टाळणाऱ्यांत १७.२ टक्के, खाणाऱ्यांत ३.२ टक्के मुलांना ॲलर्जी झाली. आपल्या घरांत उष्टावणानंतर बाळ आजीच्या ताटातलं थोडंथोडं चाखतंच. काकू, इथे तुमचा वाडा आणि लंडन एकाच बाजूला आहेत.

राहिली सून. तिला खाण्यातलं काहीही बंद करायला लावू नका, स्वतःच्या जेवणातलंही नाही. दवाखान्यांनी भरलेल्या धंतोलीत जाऊन शंभर पदार्थांची रक्तचाचणी करून आणायची आणि ‘पॉझिटिव्ह’ आलेले बारा पदार्थ एकदम तोडायचे, हा प्रकार हल्ली फार झालाय. वरचे कर्नाटकचे आकडे पुन्हा बघा, म्हणजे त्या कागदाची किंमत कळेल. शिवाय एक्झिमा असलेल्या बाळाचा एखादा पचणारा पदार्थ उगाच तोडला, तर पुढे त्याचीच खरी ॲलर्जी उलटू शकते.

चट्टे आधी बालरोगतज्ज्ञांना किंवा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि कातडी बरी करून घ्या. एक्झिमा तीव्र निघाला तर फल्लीदाण्याची पहिली चव त्यांना विचारूनच द्या. नाहीतर उष्टावण झालं की अगदी बारीक कूट पातळ पेजेत कालवून चमच्याच्या टोकावर द्या. अख्खा दाणा मुळीच नको, घशात अडकतो. अंगावर गांधी उठल्या, लागोपाठ उलट्या झाल्या किंवा श्वासाला घरघर लागली, तर घरगुती उपाय करत न बसता थेट दवाखाना गाठा.

आणि मालिश कोणत्या तेलानं चाललीय, ते सुनेला विचारून नक्की कळवा. मोहरीचं किंवा घाण्याचं फल्ली तेल असेल तर डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत थांबू नका, आजच बंद करा.