कूलरचा लाइन-आउट

होळी झाली की नागपुरात घरोघरी दोन प्रश्न उभे राहतात. कूलर कधी काढायचा, आणि दुसऱ्या बाजूनं धरायला कोण?

आमचा कूलर जुना, लोखंडी. गंजू नये म्हणून तळाला दरवर्षी डांबर मारून मारून आता त्यात पत्रा किती अन् डांबर किती, ते सांगता येत नाही. वर्षभर जिन्याखाली बसतो. तिथून उचलून खिडकीबाहेरच्या स्टँडवर, म्हणजे माझ्या छातीच्या वर, चढवायचा. २० वर्षं झाली, आमचा गुढीपाडवा बामाच्या वासात जातो.

यंदा भाचा आला होता. होस्टेलला राहून रग्बी खेळतो, उंची ६ फुटांच्या वर. "टेन्शन नका घेऊ मामा. आपण लाइन-आउट लावू."

मग त्यानं अंगणात खडूनं आखून दाखवलं. चेंडू मैदानाच्या बाजूच्या रेषेबाहेर गेला की तो 'टचमध्ये' गेला. ज्यांनी घालवला त्यांच्या समोरच्या संघानं तो परत आत फेकायचा. (पेनल्टीची किक मारून घालवला असेल तर मात्र मारणाऱ्यांनीच. ही सवलत का, ते मी विचारलं नाही; मग त्यानं फळाच मागितला असता.) दोन्ही संघांचे गडी समोरासमोर रांगेत, मध्ये १ मीटरची गल्ली. रांग रेषेपासून ५ मीटरवर सुरू, १५ वर खलास. फेकतो बहुधा हुकर, म्हणजे २ नंबरचा. फेक गल्लीतून सरळच गेली पाहिजे, अन् चेंडू रांगेतल्यांनी उडी मारून हवेतच पकडायचा. रांगेत नसलेल्यांनी १० मीटर मागे. हे काम आमच्या चिरंजीवांनी मोबाइल घेऊन चोख केलं.

"अन् उडी?"

"उडी लॉक मारते. ४ अन् ५ नंबर. मी ५."

"मी?"

त्यानं मला आपादमस्तक पाहिलं. नजर पोटाशी थांबली. "तुम्ही प्रॉप."

प्रॉप म्हणजे टेकू. १ आणि ३ नंबर. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांचे गडी वाकून एकमेकांना रेटतात तेव्हा, समोरच्यांचा भार खांद्या-मानेवर घ्यायचा आणि लाइन-आउटमध्ये लॉकला वर उचलायचं. मला वाटलं होतं, निदान १० नंबरचा फ्लाय-हाफ तरी देईल, डोकं चालवणारा. ११ आणि १४ चे विंगर वाऱ्यासारखे पळतात म्हणे, ते सोडा. १५ चा फुलबॅक एकटा मागे उभा राहून वरून आलेलं झेलतो. घरात हा अनुभव माझ्याइतका कोणाला नाही, पण भाच्याच्या लेखी तो धरला जात नाही. उडणाऱ्याचा फोटो येतो. उचलणाऱ्याचं तोंड त्याच फोटोत दुसऱ्याच्या चड्डीमागे असतं.

उचलायचेही नियम आहेत. उडी मारायच्या आधीच धरून ठेवलेलं चालतं. पण समोरून मांडीच्या खाली नाही, मागून चड्डीच्या खाली नाही. कूलरला यांतलं काहीच नसल्यानं आम्ही पत्र्याची कड धरली.

दुसरे प्रॉप शेजारचे काका. "हा आपल्या इकडला खेळ नाही बावा," ते म्हणाले. भाच्यानं लगेच कलकत्ता काढलं. तिथला इंग्रजांचा रग्बी क्लब मोडला तेव्हा बँकेतले चांदीचे रुपये वितळवून १८७८ साली करंडक केला, कान तीन नागांचे, झाकणावर हत्ती. इंग्लंड-स्कॉटलंड अजून त्यासाठी झुंजतात. क्लब मोडायला तिथली हवाही कारण झाली. "कलकत्त्याची?" काका खो खो हसले. "मे महिन्यात इकडं या म्हणा त्यांना!"

कोण उडणार ते समोरच्यांना कळू नये म्हणून लाइन-आउटचा कॉल गुप्त असतो. आमचा ठरला: 'बर्फी' म्हणजे धरा, 'सावजी' म्हणजे उचला, 'तर्री' म्हणजे ढकला.

"बर्फी!" धरला. "सावजी!" उचलला. कूलर पोटापर्यंत आला अन् स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, पोह्यांवर तर्री घालू का?"

काका शिस्तीचे. त्यांनी ढकलला.

कूलर स्टँडच्या पायाला धडकून माझ्याकडे कलला आणि गेल्या सप्टेंबरचं पाणी, गाळासकट, माझ्या बाहीतून आत शिरून बनियनमध्ये स्थिरावलं. बायको धावत येऊन कूलर ओढायला लागली.

"मामी, हवेत असलेल्याला ओढायचं नाही! पेनल्टी बसते!"

"तुझ्या मामाला बसली ना," ती म्हणाली.

दुसऱ्या खेपेला चढला. बायकोनं फाटकाशी जाऊन एक डोळा मिटून पाहिलं. "वाकडा आहे." फेक वाकडी गेली तर स्क्रम घ्यायचा की लाइन-आउट, हे समोरचे निवडतात. काकांनी पोहे निवडले.

"ताट्या मागून लावा, आधी मोटर चालते का पाहू," म्हणत तिनं बटण दाबलं. मोटर गरजली. खोलीत वारा नाही. घाईत पंख्याचं तोंड बाहेर राहिलं होतं. समोरच्या काकूंच्या खाटेवरचे पापड उठले आणि पाच-सात तर सरळ कुंपणावरून रस्त्यावर.

"टचमध्ये गेले, मामा," भाचा भरल्या तोंडानं म्हणाला. "आता काकूंचा थ्रो."

काकू ओट्यावर आल्याच होत्या. थ्रो अगदी सरळ आला.