रिक्त नसलेल्या जागेसाठी अर्ज कसा करावा

बी.एड.चा निकाल लागला, पेढे वाटून झाले, आता नोकरीची अपेक्षा तेवढी कपाटात ठेवून द्यावी. 2015 पासून हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला, तो शिक्षकांचा दर्जा वाढावा म्हणून, असे सांगतात. तुम्ही मात्र असे समजावे की तुमच्या बेकारीचे एक वर्ष सरकारने कनवाळूपणे महाविद्यालयातच उरकून दिले. प्राथमिक शाळांचे नावही काढू नये, कारण ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो दरवाजा बी.एड.धारकांना बंद केला, आणि त्या जाहिरातींची वाट पाहण्याचा तुमचा त्रास वाचवला.

शिक्षण हक्क कायदा वाचून उगाच हुरळून जाऊ नये. सरकारी आणि अनुदानित शाळांत मंजूर पदांपैकी 10 टक्क्यांहून अधिक पदे रिक्त राहू नयेत, असे त्याचे कलम 26 सांगते, हे खरे; पण जे पद मंजूरच झालेले नाही ते रिक्त कसे असेल? ही युक्ती ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला गणिताचा शिक्षक म्हणून तरी नेमायला हवे होते, असे मला राहून राहून वाटते. गोवा मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांनी गावोगाव मराठी शाळा काढल्या तेव्हा काही शिक्षक महाराष्ट्रातून आणावे लागले. तेव्हा काटकसरीचे शास्त्र एवढे पुढे गेले नव्हते.

आता तुमच्यासाठी उरते ती तासिका, म्हणजे आपल्याकडचे ‘लेक्चर बेसिस’. सकाळी सातच्या कदंब बसने सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या विद्यालयात जावे, पहिला तास घ्यावा, दुसरा आणि तिसरा तास शिक्षककक्षात खिडकीजवळच्या त्या एका पायाने डुगडुगणाऱ्या खुर्चीवर विनामूल्य बसून काढावा, आणि चौथ्या तासाला पुन्हा पगारी व्हावे. मधल्या सुट्टीत एखादे पोर वही घेऊन आले तर त्याला अडलेले समजावून सांगावे की पुढच्या तासाला ये म्हणावे, हा प्रश्न तुमच्या सदसद्विवेकबुद्धीचा आहे, वित्त खात्याचा नव्हे. चवथीच्या सुट्टीत गणपतीवर फळापानांची माटोळी बांधताना त्या दिवसांचे मानधन नाही हे आठवू नये. सणासुदीला असले विचार अशुभ. सहकारी कायम शिक्षिकेने ‘बाय, तुझे अजून झाले नाही?’ असे विचारले तर हसावे. मे महिन्यात घरी कोणी विचारले तर सुट्टी आहे म्हणावे, तेही खोटे नाही.

एवढ्यात जाहिरात निघालीच, तर धावत मामलेदार कचेरीत जाऊन पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला काढावा. तुमचा जन्म त्याच तालुक्यातला असला, आजोबांचे नाव तिथल्या देवळाच्या पाटीवर असले, तरी कागदाशिवाय तुम्ही परगावचेच. मग बसस्थानकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन प्रत्येक कागदाच्या तीन प्रती काढाव्यात. काउंटरवरच्या मुलीला क्रम सांगत बसू नये. आधी गुणपत्रिका, मग जन्मदाखला, शेवटी अनुभवाचे प्रमाणपत्र, हे ती न विचारता लावून पिना मारून देईल, कारण गेल्या वर्षी निकाल लागल्यावर तिनेही पेढे वाटले होते.