फाळक्यांचा कृष्ण असा पळत नव्हता

सकाळी सकाळी डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. एका ग्रुपवर कुणीतरी 'कालिया मर्दन'ची क्लिप टाकलीय. दादासाहेब फाळक्यांचा मूकपट, १९१९ चा. कृष्ण झालीय त्यांची मुलगी मंदाकिनी, सातेक वर्षांची पोर. क्लिप दीडपट वेगात, त्यावर ढिंगच्याक संगीत आणि खाली रांगेने हसरे इमोजी. 'तेव्हाचे लोक कसे चालायचे ना!'

अहो, तुमच्याआमच्यासारखेच चालायचे! तेव्हा कॅमेरा हाताने फिरवायचे, सेकंदाला साधारण १६ ते १८ फ्रेम पडायच्या. त्याच फ्रेम आज २४ च्या वेगाने पळवल्यात तर माणूस दुडुदुडु धावणारच. आणि हसायचं मात्र फाळक्यांना.

हाच सिनेमा मी काही वर्षांपूर्वी एका छोट्या हॉलमध्ये पाहिलाय. नीट वेगात. पडद्याखाली तिघं बसलेले, पेटी, पखवाज, बासरी. सुरुवातीला मंदाकिनी नुसते चेहऱ्यावरचे भाव दाखवते, एकामागून एक. तिथे पेटीवाल्या काकांनी एक सूर धरून ठेवला, बस्स. माझ्या शेजारी एक शाळकरी मुलगा होता, तोवर खुर्चीत चुळबुळ करणारा. तो त्या पोरीसारखी तोंडं करायला लागला. शंभर वर्षांपूर्वीच्या मुलीशी त्याची तिथल्या तिथे गट्टी!

मूकपट म्हणे मुके. थेटरात कधी मुके नव्हतेच ते. पेटी-तबला असायचा, कुठे पडद्यावर येणाऱ्या मजकुराच्या पाट्या मोठ्याने वाचून दाखवणारा माणूस असायचा. ते संगीत रिळावर नव्हतं, त्यामुळे वाजवणारा उठून गेला की गेलं. रिळंही गेलीच म्हणा. आपल्याकडे १,३०० च्या आसपास मूकपट झाले, त्यातले ३० सुद्धा धड उरले नाहीत. नायट्रेटची फिल्म, सडते, चिकटते, भडकते. काही तर त्यातली चांदी काढायला वितळवल्या. बाबूराव पेंटरांचा १९२५ चा 'सावकारी पाश', ज्यात शांतारामबापू (व्ही. शांताराम) तरुण शेतकरी झाले होते, तो आज बघायलाच मिळत नाही. त्यातली झोपडी आणि भेसूर रडणारं कुत्रं, एवढं ऐकून माहीत. मूकपटातलं कुत्र्याचं रडणं! तिथे वाजवणाऱ्याने काय वाजवलं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

पी. के. नायरांसारख्या माणसाने पुण्याच्या अर्काइव्हमध्ये, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात, फाळक्यांची रिळं आणून जपली, म्हणून आपल्याला निदान तो कृष्ण दिसतो. तो दिसतोय तर असा दाखवायचा?

आता तुम्ही म्हणाल, रील्समुळे निदान नाव तरी पोचतं. पोचतं. बरं. पुढे?

आणि लाइव्ह संगीत म्हणजे आपोआप चांगलं, असंही नाही. नंतर एका मोठ्या, एसी सभागृहात असाच एक प्रयोग पाहिला. फ्यूजन बँड, धूर, दिवे. वाजवणाऱ्यांची पडद्याकडे चक्क पाठ! गिटारवाल्याचा सोलो संपेना आणि वर बिचारी बाई रडून, डोळे पुसून, घरी गेलीसुद्धा. टाळ्या मात्र कडकडून. मी मध्यंतरात निघाले. (जुन्या थेटरातही काही जण हाताला येईल ते वाजवत असतील, मान्य. म्हणून तेच करायचं का?)

त्या छोट्या हॉलमध्ये कृष्णाने यमुनेत उडी मारली तेव्हा पखवाज थांबला. पाण्याखाली नागाशी झुंज, काठावर गोकुळ कासावीस, आणि फक्त बासरी, तीही अडखळत. शेजारचा मुलगा खुर्चीच्या कडेवर. कृष्ण फण्यावर उभा राहिला आणि पखवाजावर अशी थाप पडली की तो ओरडलाच. मीही ओरडले असेन. नंतर काकांना विचारलं, तालीम किती केलीत? म्हणाले, "ताई, वाजवण्याची थोडी. बघण्याची फार."

२००७ मध्ये लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात 'प्रपंच पाश' हा १९२९ चा मूकपट दाखवला, नितीन सोहनींचं संगीत, अख्खा सिम्फनी ऑर्केस्ट्रा. हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू. पण आपल्याला ऑर्केस्ट्रा कुठे हवाय? गावोगावी भजनी मंडळं आहेत, तमाशातले ढोलकीवाले आहेत, संगीत नाटकाचे ऑर्गनवाले आहेत. एक पडदा, योग्य वेग आणि अर्काइव्हकडून वेळेत मिळणारी चांगली प्रत. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड, पण त्यावर आज लिहीत नाही, बीपी वाढेल.

तुमच्या ओळखीत पेटी किंवा ढोलकी वाजवणारं कुणी असेल, पडद्याकडे बघत वाजवायची तयारी असलेलं, तर मला मेसेज करा. खरंच करा. हॉलचं मी बघते. आणि कमेंटमध्ये नुसतं 'जुनं ते सोनं' लिहिणाऱ्यांना ब्लॉक करणार आहे.